एकच चिप, दोन कार्डे : खेळाचे आणि कामाचे



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ आपण दरवर्षी येथे एकत्र जमतो, त्यांच्या गणिताच्या तासाची एक आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. फळ्यावरील उदाहरणाचे उत्तर कोणी नुसते 'पंचवीस' असे दिले, की गुरुजी खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "पंचवीस काय? क्विंटल, रुपये की बैल?" एककावाचून दिलेले उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नसे. आजच्या माझ्या विषयाचे मूळ गुरुजींच्या त्या प्रश्नातच आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रसंग असा, की शाळेच्या वाचनालयालगतच्या खोलीत संगणक कक्ष उभारावा, असे माजी विद्यार्थ्यांनी ठरविले. एका स्नेह्याच्या कार्यालयातून सहा जुने, पण सुस्थितीतील संगणक मिळाले. त्यांत बसविण्यासाठी ग्राफिक्स कार्डे घ्यावीत म्हणून वर्गणी जमली. या वर्गणीत नोकरदारांचे पैसे आहेत, तसेच कापूस विकून आलेल्या पैशांतून बाजूला काढलेलेही आहेत. कार्डे कोणती घ्यावीत, याविषयी मात्र दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, की गेमिंगचे कार्ड स्वस्त आहे आणि वेगवान आहे, तेच घ्यावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की शाळेसारख्या ठिकाणी खेळाचे कार्ड आणणे नावापासूनच अनुचित आहे; कामाचे, म्हणजे वर्कस्टेशनचे कार्ड महाग असले तरी तेच घ्यावे. मी या व्यवसायात असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तो देण्यापूर्वी या दोन कार्डांत फरक नेमका कोणता आणि तो कोठे आहे, हे सर्वांसमोर उलगडून सांगावे, असे मला वाटले.

ग्राफिक्स कार्ड करते काय?

आजच्या सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर ही संख्या २०,७३,६०० भरते. हालते चित्र दिसण्यासाठी सेकंदाला ६० वेळा हे सर्व ठिपके नव्याने रंगवावयाचे, म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याचे हात थोडे. ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्ये एकच साधे काम एकाच वेळी करणारे शेकडो छोटे गणक असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत एक तरबेज माणूस कामाला लावण्यापेक्षा शंभर वेचणाऱ्या बाया एकदम शेतात उतरविल्या तर पट्टा लवकर रिकामा होतो. तसाच हा प्रकार आहे.

परंतु वेचलेला कापूस घरी नेण्यास गाड्याही पुरेशा हव्यात. कार्डावर चिपबरोबर तिची स्वतःची मेमरी बसविलेली असते, आणि मेमरी व चिप यांच्यामधील रस्ता जेवढा रुंद व जलद, तेवढे चिपचे हात मोकळे राहत नाहीत. म्हणून कार्डाचा विचार करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : गणक किती व किती वेगाचे, मेमरी किती, आणि दोहोंमधील वाहतूक किती.

आपल्या पिढीला संगणकात जादा कार्ड बसविण्याची कल्पना नवी नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड कित्येकांना स्मरत असेल. मुळात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये विकसित झालेल्या या तंत्राने इंग्रजीपुरत्याच अक्षरओळख असलेल्या यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटविली. आपल्या जैनथच्या मंदिरातील परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख नागरी लिपीत शतकानुशतके वाचता येत होता. पण संगणकाच्या पडद्यावर तीच लिपी आणण्यास एका स्वतंत्र कार्डाची गरज पडली. पुढे युनिकोड आले, अक्षरे जुळविण्याचे काम सॉफ्टवेअरने उचलले आणि ते कार्ड अनावश्यक झाले. यातून घेण्याचा बोध असा, की कार्डात जे मिळते, त्यातील काही भाग धातू आणि सिलिकॉनचा असतो, काही भाग सॉफ्टवेअरचा असतो. पैसे देताना आपण कोणत्या भागाचे देतो, हे कळले पाहिजे.

दोन कार्डांची ओळख

तुलनेसाठी मी एन्व्हिडिया या कंपनीची दोन कार्डे घेतो. पहिले जीफोर्स जीटीएक्स १६५०. हे एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आले. अमेरिकेतील त्याची आरंभीची किंमत १४९ डॉलर होती. बेताच्या खर्चात खेळ खेळू इच्छिणाऱ्यांसाठी ते काढलेले. दुसरे टी १०००. हे दोन वर्षांनी, २०२१ मध्ये आले. ते अभियंते, वास्तुरचनाकार आणि आरेखन करणाऱ्या कार्यालयांसाठी आहे, आणि एरवी पहिल्यापेक्षा बरेच महाग मिळते.

नवे आणि महाग म्हटल्यावर त्यातील चिपही निराळी असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दोन्ही कार्डांच्या पोटात टीयू ११७ हीच चिप आहे. सुमारे २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत ४७० कोटी ट्रान्झिस्टर मावलेली ही चिप आहे, आणि दोन्ही कार्डांत तिचे ८९६ गणक चालू ठेवलेले आहेत.

मग फरक उरला कोठे? तो तीन ठिकाणी आहे : चिप चालविण्याच्या वेगात, चिप ज्या पाटीवर बसविली आहे त्या पाटीवर, आणि कार्डाबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये व कागदपत्रांत.

आकड्यांचा हिशेब

प्रथम वेग पाहू. १६५० मधील गणक भर कामाच्या वेळी १६६५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. प्रत्येक गणक दर ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करतो. ८९६ गुणिले २ गुणिले १६६५ दशलक्ष, म्हणजे सेकंदाला सुमारे २.९८ लाख कोटी क्रिया झाल्या. टी १००० साठी कंपनीने दिलेला आकडा २.५ लाख कोटी आहे. म्हणजे नुसत्या आकडेमोडीत स्वस्त आणि जुने कार्ड महागड्या आणि नव्या कार्डाच्या सुमारे १९ टक्के पुढे आहे.

आता वाहतूक. दोन्ही कार्डांत चिप आणि मेमरी यांच्यामध्ये १२८ वाटा आहेत. मूळच्या १६५० मध्ये जीडीडीआर ५ जातीची मेमरी असून प्रत्येक वाटेवरून सेकंदाला ८ अब्ज बिट जातात. १२८ ला ८ ने गुणून आठ बिटांचा एक बाइट या नात्याने भागले, की सेकंदाला १२८ गिगाबाइट मिळतात. टी १००० मध्ये जीडीडीआर ६ जातीची मेमरी असून प्रत्येक वाटेवरून १० अब्ज बिट जातात. तेथे हाच हिशेब १६० गिगाबाइट येतो. येथे नवे कार्ड २५ टक्के पुढे आहे. मात्र २०२० मध्ये १६५० चीच जीडीडीआर ६ मेमरी असलेली आवृत्ती निघाली आणि तिची वाहतूक १९२ गिगाबाइटवर गेली. नाव तेच, खोक्यावरचा क्रमांक तोच, पण आतील माल निराळा. म्हणून दुकानात नुसते नाव न वाचता मेमरीची जात वाचावी.

मेमरीचा साठा १६५० मध्ये ४ गिगाबाइट. टी १००० मध्येही आरंभी तेवढाच. नंतर तिची ८ गिगाबाइटची आवृत्ती आली. हा फरक वरवर साधा दिसतो, पण व्यवहारात तोच मोठा ठरतो. मोठ्या इमारतीचा त्रिमित आराखडा कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर तो वारंवार संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावा लागतो आणि मग गणकांचा वेग निरुपयोगी ठरतो. गाडी भरली, की वेचणाऱ्यांना धुऱ्यावर बसून राहावे लागते.

पाटीवरचा फरक

१६५० ची वीज घेण्याची मर्यादा ७५ वॅट आहे. टी १००० ची ५० वॅट. कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज पुरविते. त्यामुळे दोन्ही कार्डे सामान्यतः वेगळ्या वायरीवाचून चालतात. १६५० च्या काही वेगवान आवृत्त्यांना मात्र स्वतंत्र वायर लागते. रोज ५ तास, वर्षाला २०० दिवस, पूर्ण भाराने काम झाले असे धरले, तरी २५ वॅटच्या फरकाची वर्षाची वीज २५ युनिट होते. बिलाच्या दृष्टीने ही बचत किरकोळ आहे. परंतु आपल्याकडील वैशाखातील दुपार ज्यांनी अनुभविली आहे, त्यांना बंद खोक्यातील २५ वॅट कमी उष्णतेचे मोल सांगावयास नको.

आकाराचेही तसेच. टी १००० ची लांबी सुमारे १५.६ सेंटिमीटर आणि उंची ६.९ सेंटिमीटर असून ते एकाच खाचेची जागा घेते. कार्यालयांत वापरले जाणारे चपटे संगणक असतात, त्यांत ते सहज बसते. १६५० ची बहुतेक कार्डे पूर्ण उंचीची आणि दोन खाचांची जाडी असलेली आहेत. काही उत्पादकांनी बुटक्या आवृत्त्या काढल्या, पण त्या शोधाव्या लागतात.

टी १००० ला चार पडदे जोडता येतात. मात्र त्याची चारही तोंडे मिनी डिस्प्लेपोर्ट या प्रकारची आहेत. शाळेतील जुन्या पडद्यांना आणि प्रोजेक्टरला ती वायर बसत नाही. जोडतुकडा वेगळा घ्यावा लागतो. १६५० वर बहुधा एच.डी.एम.आय. चे तोंड असते आणि ती अडचण येत नाही. महागड्या वस्तूत सर्व सोयी असतातच असे नव्हे, याचे हे एक उदाहरण.

ड्रायव्हर आणि प्रमाणपत्र

तिसरा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि कामाच्या कार्डाची किंमत मुख्यत्वे त्याचीच असते. कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातील दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रणालीला ड्रायव्हर म्हणतात. खेळाच्या कार्डाचा ड्रायव्हर नवनवीन खेळांसाठी वरचेवर बदलतो. कामाच्या कार्डाचा ड्रायव्हर आरेखनाच्या विशिष्ट सॉफ्टवेअरबरोबर तपासला जातो, आणि त्या सॉफ्टवेअरचे निर्माते त्या जोडीला प्रमाणपत्र देतात. यंत्रभागांच्या आरेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉलिडवर्क्समधील रिअलव्ह्यू ही सोय प्रमाणित कार्डांसाठीच राखलेली आहे. त्रिमित आकृतीच्या असंख्य बारीक रेषा एकाच वेळी दाखवावयाच्या असतात, तेथेही कामाच्या कार्डाचा ड्रायव्हर अधिक सफाईने वागतो, मग चिप तीच का असेना.

हे आजचे नाही. १९९९ साली याच कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड काढले आणि त्याच चिपवर आधारित क्वाड्रो ही व्यावसायिक मालिकाही सुरू केली. तेव्हा काही हौशी मंडळी ड्रायव्हरमध्ये फेरफार करून स्वस्त जीफोर्सला महाग क्वाड्रो असल्याचे सोंग घ्यावयास लावीत. २०२० मध्ये क्वाड्रो हे नावच मागे पडले. दरम्यान काही भिंती कंपनीने स्वतःच खाली आणल्या. छायाचित्रकारांना उपयोगी पडणारी ३० बिट रंगांची सोय २०१९ च्या जुलैपासून जीफोर्स कार्डांनाही मिळू लागली. जिस्ट कार्डाचा दाखला मी दिला तो यासाठीच. जो फरक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो एका सकाळी नाहीसा होऊ शकतो.

मग ही फसवणूक म्हणावी काय? माझ्या मते नाही. आपल्या शेतातील एकाच बोंडाची रुई गादीत जाते आणि दवाखान्यातील जखमेवरही जाते. जखमेवरच्या कापसाची किंमत अनेक पटींनी अधिक असते, कारण तो धुतलेला, निर्जंतुक केलेला आणि तपासलेला असतो. तेथे ती किंमत रास्त आहे. परंतु गादी भरण्यासाठी कोणी दवाखान्याचा कापूस विकत घेऊ लागला, तर आपण त्याला शहाणा म्हणणार नाही. आणि जखमेवर गादीचा कापूस लावणाराला तर मुळीच नाही.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. कामाच्या कार्डाची मेमरी चुका स्वतः दुरुस्त करते, असे सर्रास सांगितले जाते. ते वरच्या श्रेणीतील कार्डांना, उदाहरणार्थ आरटीएक्स ए २००० ला, लागू आहे. टी १००० मध्ये ती सोय नाही, १६५० मध्येही नाही. त्याचप्रमाणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आकडेमोडीसाठी अलीकडच्या चिपांत टेन्सर गणक नावाचा जो खास विभाग असतो, तो टीयू ११७ मध्ये मुळातच नाही. त्यामुळे 'कामाचे' हे विशेषण लावले म्हणून टी १००० त्या कामात पुढे जात नाही. पुण्यात सी-डॅकने उभारलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर आला, तो एन्व्हिडियाच्या ए १०० या अगदी निराळ्या चिपांच्या बळावर.

दोन निवाडे

२०२२ च्या दिवाळीनंतर गावातील एका कास्तकाराचा मला फोन आला. मुलीला नागपूरला स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. कापसाचे पैसे हाती आले होते आणि संगणक घ्यावयाचा होता. ते म्हणाले, "बापू, दुकानदार म्हणते का हे कार्ड खेळाचं हाय, कामाचं पायजे तर दुसरं घ्या. मी पोरीले खेळाले धाडून रायलो का शिकाले?" प्रश्न रास्त होता. मी मुलीलाच विचारले, की सॉफ्टवेअर कोणते वापरावयाचे आहे. उत्तर आले, की मुख्यतः ऑटोकॅड, आणि तेही विद्यार्थ्यांच्या आरेखनापुरते. संगणक मोठ्या खोक्याचा होता, पडदा एकच होता. त्या कामाला प्रमाणपत्राची आवश्यकता नव्हती. मी १६५० घ्यावयास सांगितले आणि वाचलेल्या पैशांतून संगणकाची मुख्य मेमरी दुप्पट करावयास सांगितली. तिचे काम त्यावर उत्तम झाले.

आता शाळेचा निवाडा. मिळालेल्या सहा संगणकांपैकी चारांवर मुले टंकलेखन करतील, भूमितीच्या आकृत्या काढतील, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवतील. या कामांना संगणकातील अंगभूत ग्राफिक्स पुरते. म्हणून त्या चारांसाठी खेळाचेही नको आणि कामाचेही नको. कोणतेच कार्ड घेऊ नये. माजी विद्यार्थ्यांना हे उत्तर थोडे निराश करणारे वाटेल, पण ते प्रामाणिक आहे.

उरलेल्या दोन संगणकांवर त्रिमित आरेखन आणि चित्रपटांचे संकलन शिकविण्याचा विचार आहे. हे संगणक चपट्या खोक्याचे आहेत, त्यांचा वीजपुरवठा बेताचा आहे, आणि खोली पश्चिमेच्या भिंतीची, म्हणजे उन्हाळ्यात तापणारी आहे. तेथे ८ गिगाबाइटचे टी १००० घ्यावे, असे माझे मत आहे. त्यासोबत दोन जोडतुकडे घेण्यास विसरू नये. ही निवड कार्डाच्या नावामुळे केलेली नाही. खोक्याची उंची, ५० वॅटची मर्यादा आणि दुप्पट मेमरी, ही तीन कारणे तिच्या मागे आहेत. हेच संगणक मोठ्या खोक्याचे असते, तर मी निःसंकोचपणे खेळाचे कार्ड सुचविले असते. ज्यांचा आक्षेप केवळ नावाला होता, त्यांना माझी नम्र विनंती अशी, की मुले खेळणार की शिकणार हे कार्ड ठरवीत नाही. ते त्या खोलीत बसणारा शिक्षक ठरवितो.

कोणी म्हणेल, की ही दोन्ही कार्डे आता मागील पिढीची झाली. ते खरे आहे. परंतु पुढील पिढीतही हाच खेळ मांडलेला आहे. २०२४ मध्ये आलेली जीफोर्स आरटीएक्स ३०५० ची ६ गिगाबाइटची आवृत्ती आणि त्याच वर्षीचे आरटीएक्स ए १००० ही कामाची पाटी, या दोहोंत पुन्हा एकच चिप आणि पुन्हा २३०४ असे सारखेच गणक आहेत. खेळाचे कार्ड ७० वॅटचे, कामाचे ५० वॅटचे आणि ८ गिगाबाइट मेमरीचे. ज्यांना नवीनच घ्यावयाचे असेल, त्यांनी आजचा हिशेब त्या जोडीला लावून पाहावा.

चार कार्डांचे वाचलेले पैसे खोलीची अर्थिंग नीट करण्यास, वीज गेल्यावर यंत्रे सुरक्षितपणे बंद करता येतील अशा यू.पी.एस.ना आणि दोन पंख्यांना लागावेत, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आहे. त्यावर आपण सर्वांनी विचार करावा. आणि यापुढे कोणी दुकानात आपल्याला "हे त्याच्यापेक्षा चांगले" असे सांगितले, तर गुरुजींचे विद्यार्थी या नात्याने आपण त्याला एवढेच विचारावे : चांगले, पण कशासाठी?